झाकण दोनदा वाजलं

शालूताई,

तुझ्यावरचं पहिलं पत्रक मी तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी लिहिलं. मथळा ठळक: 'दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारी रणरागिणी हरपली!' खाली चौकट, चौकटीत तुझा फोटो, फोटोखाली तुझे गुण. गटात वाचून दाखवलं. गजूभाऊ शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "बाई चांगली होती. पन कोन होय ही? आपल्या गटात होती काय?" दुर्गा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी कागदाची घडी करून पिशवीत टाकली.

पाच वर्षं झाली पत्रकं लिहून राहिले. एका पानात साहेब लोकांना घाम फोडता येतो मला. पण तुझ्यावर चार खऱ्या ओळी जमेनात. म्हणून हे दुसऱ्यांदा. यात घोषणा नाही. मला काय समजलं नाही, तेवढंच लिहिते.

वाचणाऱ्यांना तू कोण ते सांगायला पाहिजे, नाहीतर तूच मधात थांबवशील. तू मुर्रीची. दादा-वहिनीच्या घरी राहणारी, वहिनीबरोबर बिडीचा पत्ता कापणारी. सरकारी प्रमाणपत्रावर 'बौद्धिक दिव्यांग' असं लिहिलेलं. गल्लीतले लोक जो शब्द वापरायचे तो मी छापणार नाही. मी आमगावची, दोन्ही बगलेत कुबड्या, आणि तोंड जरा जास्तच चालणारं. गजूभाऊंना दिसत नाही. ते स्टेशनबाहेर अगरबत्ती विकतात. दुर्गाचे शब्द तोंडात अडकतात. तिचं एक वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो, आणि सगळं जग ते वाक्य तिच्या आधीच पूर्ण करून टाकतं. तू कधी केलं नाहीस. आपण चौघं आणि आणखी सात-आठ जण मिळून 'आमचं आमी सांगू' हा गट. महिन्यातून एका रविवारी मुर्रीच्या समाजमंदिरात सभा. आई-बाप, शिक्षक, समाजसेवक सगळे बाहेर, आत फक्त आपण.

आणि झाकण. पहिल्या वर्षी आपण लग्नपत्रिका कापून सगळ्यांसाठी लाल कार्डं केली होती. समजलं नाही तर कार्ड वर करायचं. तुझं कार्ड तिसऱ्या सभेपर्यंत हरवलं. मग तू वहिनीच्या स्वयंपाकघरातून चिवड्याच्या बरणीचं लाल झाकण उचलून आणलंस. गजूभाऊ म्हणाले, "तू झाकन वर करशीन, पन मले का दिसते?" तू त्यांच्याकडे बघितलंस आणि झाकण फरशीवर आपटलंस. टक. टक.

"आता?"

"आता दिसला," गजूभाऊ म्हणाले.

त्या दिवसापासून नियम झाला. झाकण वाजलं की बोलणारा थांबणार. अध्यक्षानं एकच प्रश्न विचारायचा, "कुठवर समजला?" आणि वाजवणारा बोलेपर्यंत गप्प बसायचं. मग जिथवर समजलं तिथून सगळ्यांनी मागे फिरायचं. हा नियम कोणत्या पुस्तकातला नव्हता. तुझाच होता.

मला तो आवडत नव्हता. आता खोटं कशाला लिहू?

आपल्या गटात कायमचा कोणी नाही. अध्यक्ष दर महिन्याला नवा, वेळ राखणारा नवा, रजिस्टर लिहिणारा नवा, चहाचं बघणाराही नवा. तू पहिल्यांदा अध्यक्ष झालीस तेव्हा मी चार विषयांची यादी तुला तोंडपाठ करून दिली होती. तू खुर्चीवर बसलीस, पदर सारखा केलास आणि पहिला विषय काढलास, "जेवलास का?" एकेकाला नाव घेऊन. नुसतं 'हो' म्हटलं तर चालत नव्हतं. काय जेवलास, कोणी केलं, पोटभर होतं का. तासभर तोच विषय! माझे चारही विषय राहिले. मी पाय आपटू शकत नाही, म्हणून कुबडी आपटली. मी म्हटलं, "ताई, ही सभा आहे, पंगत नाही." तू म्हणालीस, "उपाशी मानूस काय बोलन व पर्चीवाली?" पत्रकाला तू पर्ची म्हणायचीस, म्हणून मी पर्चीवाली. अश्विनी हे नाव तू कधी घेतलंच नाहीस. त्याच सभेत कळलं की आपल्यातल्या एकीला घरी सकाळचं जेवण मिळत नाही, सगळे कामावर गेले की कुलूप लागतं. पुढचे दोन महिने आपण त्याच एका घरासाठी भांडलो. मी मात्र रजिस्टरमध्ये लिहिलं होतं, 'विषयपत्रिकेवर चर्चा होऊ शकली नाही.'

आणि ती कचेरी आठवते? मी कितीदा सांगितली असेल ती गोष्ट, दरवेळी माझ्या भाषणात. आता तुलाच सांगते. प्रमाणपत्रासाठी आपण गेलो होतो. टेबलामागचा साहेब मला बघून बोलत होता, तुझ्याकडे मानेनंच खूण करत, "इनको समझता है क्या?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच्या टेबलावर टक टक. तू म्हणालीस, "साहेब, समजला नाई. अखीन सांग." त्यानं पुन्हा सांगितलं, अमुक दाखला, त्यावर तमुक सही, मग अमुक ठिकाणचा शिक्का. टक टक. "अखीन सांग." मागे रांग हसायला लागली. तिसऱ्यांदा सांगताना तो हळू बोलला, सोपं बोलला, बोटावर मोजत बोलला, आणि दुसऱ्या बोटावर येऊन थांबला. कागद उलटा-सुलटा करून म्हणाला, "ये दाखला तो... लगताही नहीं." सहा महिने लोक त्या दाखल्यासाठी हेलपाटे घालत होते. मी त्याचं म्हणणं पहिल्याच झटक्यात समजून घेऊन लोकांना तसंच समजावत होते, मोठ्या अक्षरात छापून!

बाहेर येऊन मी तुला म्हटलं, काय डोकं लावलंस ताई. तू म्हणालीस, "डोका नाई लावला. समजलाच नव्हता."

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. 'आम्हाला दया नको, हक्क हवेत!' हे माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य. तू त्यावर झाकण वाजवलंस. "दया काऊन नको? माझी वहिनी दया करते." मी तुला अर्धा तास समजावलं, दया वरून खाली येते, हक्क समोरासमोर असतो, वगैरे. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मंग वहिनीले का सांगू? करू नको मनू?" मी ते पत्रक तसंच छापलं. आजही मला ते वाक्य बरोबर वाटतं. आणि आजही तुझ्या वहिनीला काय सांगायचं ते कळत नाही.

आता त्या रविवारचं.

त्या महिन्यात अध्यक्ष मी होते. तालुक्याच्या एका समितीवर आपल्या गटाला एक जागा मिळू शकते, असं समजलं होतं. त्यासाठी गटाची नोंदणी पाहिजे, आणि नोंदणीला कागदावर एक कायमचा अध्यक्ष पाहिजे. मुदत पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. मी ठराव मांडला: दर महिन्याची पाळी बंद, कायमची अध्यक्ष अश्विनी. माझंच नाव मीच मांडलं, मीच अनुमोदन मागितलं. यात मला काही वावगं दिसलं नाही. लिहिणं मला येतं, बोलणं मला येतं, आणि ती जागा आपल्याला पाहिजेच होती. मी बोलत होते. बिरसीच्या धावपट्टीवरचं शिकाऊ विमान डोक्यावरून घरघरत गेलं, तेव्हा मी थांबले. आवाज विरेपर्यंत थांबले. मग पुन्हा सुरू केलं. आणि झाकण वाजलं.

मी तुझ्याकडे बघितलं. हे लिहायलाच पाहिजे. मला ऐकू आलं नाही असं नाही. मी बघितलं आणि म्हटलं, "ताई, तुला नंतर समजावते, गाडीची वेळ झाली." झाकण पुन्हा एकदा वाजलं, जरा हळू. मी ठराव वाचला. विमानासाठी थांबणारी मी, तुझ्यासाठी थांबले नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'ठराव सर्वानुमते मंजूर.' त्याच पानावर, वरती, तुझी सही आहे. ती हजेरीची सही, सभा सुरू होण्याआधीची. दोन वर्षं घोटून घोटून आलेली ती दोन अक्षरं, 'शालू'. आता ते पान कोणी पाहिलं तर त्याला वाटेल, तू माझ्या ठरावाच्या पाठीशी उभी आहेस.

नवव्या दिवशी तू गेलीस. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

दारात पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, बुद्धवंदना. मागच्या ओळीत कोणीतरी म्हणालं, "सुटली बिचारी." मी वळले आणि विचारलं, "कशातून सुटली? तिचं काय अडलं होतं?" बाई गडबडली. तुझ्या दादानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला भांडायचं होतं. कोणाशी ते ठरत नव्हतं.

आता माझा गोंधळ ऐक. तू झाकण कशासाठी वाजवलंस?

वहिनी म्हणतात, त्या रविवारी सकाळपासून तू छातीवर हात ठेवून ठेवून चोळत होतीस. "मी मनलं, नको जाऊ आज. तर मने, जाऊन येतो, लवकर येतो." मग ते झाकण म्हणजे, पर्चीवाली, मला बरं वाटत नाही, असं होतं का? तू पाणी पाहिजे तरी झाकण वाजवायचीस, बाहेर जायचं असलं तरी वाजवायचीस. मी थांबले असते, विचारलं असतं, तर आपण तुला रिक्षात घालून नेलं असतं का? मी डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." सरळ उत्तर न देणाऱ्या माणसांवर मी आजवर ओरडत आले. त्यांच्यावर ओरडता आलं नाही.

दुर्गाचं वेगळंच. ती म्हणाली, आणि मी यावेळी वाक्य पूर्ण होऊ दिलं, "तिला... 'कायमचा'... समजलं नसेल. ती दर सभेत... विचारायची... पुढचा कोण."

गजूभाऊ म्हणाले, "पुढचा नंबर तिचाच होता, पोरी. पुढच्या महिन्याची अध्यक्ष ती होती."

मी ते विसरले होते. तुला सांगते, मी खरंच विसरले होते. आणि हे सांगून मला काही हलकं वाटत नाही.

मग मी गजूभाऊंवर चिडले. "तुम्ही ऐकलं होतं ना? दोनदा वाजलं. मग तुम्ही का नाही बोललात?"

"आयकला ना. दोनदा आयकला."

"मग?"

"तू बोलून रायली का कोनी मधात येते का व? आमी मनलं, अश्विनी हाये, तिले समजते."

शालूताई, हे वाक्य मला तेव्हापासून टोचून राहिलंय. मी साहेबांवर ओरडायला शिकले ती या लोकांसाठी. आणि हे लोक माझ्यासमोर गप्प बसायला कधी शिकले? कोणी शिकवलं? पत्रकात मी अशा माणसाला 'साहेब' म्हणते, ते तुला माहीत आहे. ते नाव मला लागू होतं का? मला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणवत नाही.

आठ दिवसांनी वहिनींनी तुझी कापडी पिशवी आणून दिली. आत झाकण, बिडीपत्त्याची छोटी कातर आणि लग्नपत्रिकेचे तीन तुकडे. कोऱ्या बाजूला पेनानं चित्रं. पहिल्यावर ताट. दुसऱ्यावर कप, त्यातून निघणारी वाफ. तिसऱ्यावर एक लांब काठी, वर आडवी, खाली टोकाला गोल.

"हे का होय?" वहिनी म्हणाल्या. "मले वाटलं फावडा."

फावडं नाही. कुबडी आहे ती. रबराच्या टोकासकट. तुला वाचता येत नव्हतं म्हणून तू तुझ्या सभेची विषयपत्रिका काढून ठेवली होतीस. विषय पहिला, जेवलास का. विषय दुसरा, चहा. विषय तिसरा, मी.

माझ्याबद्दल काय बोलायचं होतं तुला? ही चित्रं त्या रविवारच्या आधीची की नंतरची, तेही कोणाला माहीत नाही. शिव्या घालायच्या होत्या की दुसरंच काही? की नुसतं विचारायचं होतं, पर्चीवाली, तुझ्या कुबडीचं रबर झिजलंय, बदललंस का? तेही खरंच झिजलंय. तू पडशील पडशील म्हणून मागे लागली होतीस. मी बदललं नाही.

काल रविवार होता. तुझा रविवार. ठरावाप्रमाणे खुर्ची माझी होती. मी खाली सतरंजीवर बसले, जे मला सोपं नाही. खुर्चीवर कोणीच बसलं नाही. दुर्गा म्हणाली, "चित्रांवरून... करू." तिनं ताटाचं चित्र उचललं आणि एकेकाला नाव घेऊन विचारलं. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. गजूभाऊ म्हणाले, "सकाळी पोहे, बायकोनं केले, मीठ जास्त." मी म्हटलं, नाही जेवले. खरंच नव्हते. कोणीतरी डब्यातून पोळी काढून दिली. मग चहा झाला. वाफ येते तसा गरम, तुझ्या चित्राप्रमाणे.

मग दुर्गानं कुबडीचं चित्र मधात ठेवलं. सगळे माझ्या बाजूला वळले.

"तुझा विषय," गजूभाऊ म्हणाले. "तू बोलू नको. आयक."

जे बोलले ते मी इथे लिहिणार नाही. काही चांगलं होतं. काही नव्हतं. एक जण म्हणाला, तुझी भीती वाटते. एक जणी म्हणाली, तू नसती तर मी घराबाहेर पडली नसती. दोघंही एकामागे एक बोलले, आणि मला दोन्ही एकदम धरता येईना. यात तुझं बोलणं कोणतं होतं? सगळ्यांना विचारलं. कोणालाच माहीत नाही.

मी अर्ज पिशवीतून काढला. सोबत ठरावाच्या पानाची नक्कल जोडायची होती. एकच गोष्ट मला त्या वेळी दिसली, आणि ती आधी का दिसली नाही याची लाज वाटली. नोंदणीला कायमचा अध्यक्ष खरंच लागतो का, हे मी पुन्हा विचारलंच नव्हतं. एकदा सांगितलं गेलं, मला समजलं, मी ठराव लिहिला. दुर्गा म्हणते, साहेबाला विचारू. तीनदा. विचारू. पण तोवर मुदत जाईल, या वर्षीची जागा जाईल. ती जागा कमी महत्त्वाची आहे असं मी म्हणणार नाही. त्या टेबलावर आपलं कोणी नसलं की काय होतं ते मला माहीत आहे. तरीही मी रजिस्टर उघडलं आणि 'सर्वानुमते' या शब्दावर रेघ मारली. बरोबर केलं की तू गेल्याच्या दुःखात एक चांगली संधी घालवली, सांगता येत नाही. तू असतीस तर विचारलं असतं. तू असतीस तर हा प्रश्नच नसता.

सभेनंतर दाराबाहेर वहिनी भेटल्या, झाकण त्यांना परत देऊ केलं. त्यांची बरणी इतके दिवस उघडी. त्या म्हणाल्या, "राहू द्या तुमच्याकडंच. बरनीवर वाटी ठेवतो आमी." मग जाता जाता थांबून म्हणाल्या, "मुंग्या लागतेत. पन राहू द्या." म्हणून ते आता सभेच्या पेटीत आहे. पुढच्या महिन्याची अध्यक्ष दुर्गा.

निघताना गजूभाऊंनी विचारलं, "रजिस्टरात का लिहिला?"

मी वाचून दाखवलं. "विषय तीन. शालूताईंनी झाकण दोनदा वाजवलं. अध्यक्षांनी 'कुठवर समजलं' असं विचारलं नाही. ठराव थांबला आहे."

"आनि खाली?"

"खाली कोरं सोडलंय. तिच्या बोलण्यासाठी."

"किती?"

"अर्धं पान."

गजूभाऊ हसले. "अव, 'जेवलास का' एवढं विचारायले त्या बाईले एक तास लागे. अर्ध्या पानात मावन का?"

मी पेन परत पिशवीत ठेवलं. पुढचं पानही सोडलंय, ताई.